मंगळावरचा माणूस आणि मसुरीचा डबा

खारघर,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ती. चारूताईस,

नंदूचा शिरसाष्टांग नमस्कार. (फोनवर तू मला हल्ली 'नंदकिशोर' म्हणतेस. त्यावरून राग अजून उतरलेला नाही हे समजलो. मी मात्र खाली सही 'नंदू' अशीच करणार आहे. सदुसष्टाव्या वर्षी नवीन नावाची सवय होत नाही.)

पत्र बघून घाबरू नकोस. इकडे सगळे सुखरूप आहेत. (सगळे म्हणजे मी.) तुझा गुडघा कसा आहे, तेल चोळतेस की नुसती बाटली कपाटात ठेवली आहेस, मिरजेत यंदा हुरडा खायला कुणी बोलावलं का, सूनबाईंची बदली झाली की टळली, हे सगळं विचारायचं असतं, पण फोनवर जमत नाही. आपला फोन चाळीस सेकंदांचा होतो. (मोबाइलमध्ये आकडा दिसतो, मी मुद्दाम मोजत नाही.) "बरा आहेस ना? मी बरी आहे. ठेवते." एवढ्यात चाळीस सेकंद होतात, कारण मधली वीस सेकंद आपण दोघंही गप्प असतो. म्हणून पत्र. पत्र तू मध्येच खाली ठेवलंस तरी ते टेबलावर तुझी वाट बघत पडून राहील, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, दुपारी चहा झाल्यावर तू ते पुन्हा उचलशीलच.

चूक माझी होती हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. गेल्या मार्चमध्ये शालनच्या वर्षश्राद्धाला तू आलीस, चार दिवस राहिलीस आणि निघायच्या आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून, पुसून नव्याने लावलेस. त्या डब्यांवर शालनच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या. 'हळद', 'जाड रवा', 'साबुदाणा (जुना, आधी हा संपवणे)'. त्या गरम पाण्यात सुटल्या. मी काय बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. बायकोची उरलीसुरली निशाणी तू मोरीत घालवलीस, असं मी म्हणालो एवढं दोघांनाही आठवतंय. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत बॅग घेऊन उतरलीस आणि कळंबोलीहून एसटी धरलीस. भाऊबीजेला आली नाहीस. अकरा महिने झाले. आता हे बाजूला ठेव आणि माझ्यावर आकाशातून काय कोसळलं ते ऐक, कारण त्याचंही मूळ तूच आहेस.

झालं असं की जानेवारीत क्षिप्राचा कॅनडाहून नेहमीचा रविवारचा फोन आला. तुझ्या भाचीने कुठेतरी वाचलं की सध्या संध्याकाळी शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ असे चारही ग्रह एकाच वेळी आकाशात दिसतायत. तिच्याकडे बर्फ आणि ढग. म्हणाली, बाबा, तुम्ही बघा आणि मला सांगा, चारही सापडेपर्यंत मी रोज फोन करते. आता ताई, ज्या माणसाची मुलगी आठवड्यातून एकदा फोन करते, त्याने चार ग्रह एका संध्याकाळी शोधून मोकळं व्हावं काय? मी बत्तीस वर्षं तळोज्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळली आहे. निरीक्षण घाईने करू नये, हे मला कुणी शिकवायला नको.

माझ्याजवळ ज्ञान म्हणून होतं ते एकच, आणि ते तू दिलेलं. मी सात वर्षांचा असताना गच्चीवर वाळवणाच्या चादरीवर मला उताणा पाडून तू सांगितलं होतंस, लुकलुकतो तो तारा, लुकलुकत नाही तो ग्रह. साठ वर्षं मी हा नियम काही उपयोग नसताना जपून ठेवला. आत्ता उपयोगाची वेळ आली आणि त्याने माझा घात केला.

शुक्राने त्रास दिला नाही. हॉलच्या बाल्कनीतून पश्चिमेला तो इतका ठळक दिसत होता की दूध तापायला ठेवून आलेल्या माणसालाही सापडावा. (दूध उतू गेलं.) फक्त पहिल्या दिवशी मला तीन शुक्र दिसले, एकामागोमाग एक, आणि त्यातले दोन मोठे होत होत डोक्यावरून मुंबईच्या विमानतळाकडे उतरले. उरला तो शुक्र. शनी त्याच्या खाली, मिणमिणता, अंगात जीव नसल्यासारखा. त्याची कीर्ती ऐकून मी बिचकून होतो, पण प्रत्यक्षात गडी अगदीच गरीब निघाला. गुरूने मात्र मला अडचणीत आणलं. तो डोक्यावर होता आणि माझ्या डोक्यावर पंधराव्या मजल्याची बाल्कनी. म्हणून मी स्टूल घेतलं, त्यावर बसून कठड्याला पाठ टेकली आणि मान मागे बाहेर टाकून वर बघितलं. गुरू दिसला. समोरच्या विंगमधल्या बाईंना मी दिसलो.

पाच मिनिटांत दारात सिक्युरिटीचे दोघे आणि आमचे सेक्रेटरी हितेशभाई. हितेशभाई धापा टाकत म्हणाले, "काका, टेन्शन काय असेल ते बोला ना. मेंटेनन्सचं असेल तर बघून घेऊ." मी म्हटलं, गुरू बघत होतो. त्यांचा चेहरा आणखीच उतरला. तरी माणूस चांगला. त्या दिवसापासून रोज सातच्या सुमाराला सोसायटीतलं कुणी ना कुणी सहज म्हणून बेल वाजवू लागलं. कुणी पेपर मागायला, कुणी कोथिंबीर द्यायला. मी चार दिवस तो गैरसमज दूर केला नाही. (कोथिंबिरीचा प्रश्न नव्हता. बेल वाजत होती, ते बरं वाटत होतं.) शेवटी हितेशभाईंनीच तोडगा काढला. बाल्कनीत असले प्रकार करण्यापेक्षा काकांनी टेरेसवर जावं, म्हणून टेरेसच्या कुलपाची एक किल्ली माझ्याकडे आली.

आता मंगळ. तो पूर्वेला शोधायचा होता. पूर्वेची बाल्कनी म्हणजे शालनची खोली. ती मी बंदच ठेवली होती. त्या दिवशी दार उघडलं, खिडकी सरकवली, आणि समोर डोंगराच्या अंधारात, फार उंच नाही, असा एक लालबुंद ठिपका. स्थिर. लुकलुकणं नावाला नाही. तुझ्या नियमात शंभर टक्के बसणारा. मी क्षिप्राला त्याच वेळी फोन लावला. (तिकडे सकाळ होती, ती ऑफिसच्या गडबडीत होती, पण म्हणाली, वा बाबा. मी म्हटलं, नोंदी घेऊन खात्री होईपर्यंत हा चौथा धरू नकोस.) मग मी शास्त्रीय पद्धतीने नोंदी घ्यायला बसलो. नऊ दिवस सात ते साडेसात. नऊही दिवस मंगळ जागचा हलला नाही. दुसरा कुणी असता तर त्याला इथेच संशय आला असता. पण मी पंचांग उघडलं, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं, मंगळ वक्री. माझं समाधान झालं. माणूस रुसून बसतो तसा ग्रहही बसला असेल, असं वाटलं. (रुसून बसणारे मी पाहिलेले आहेत. तुझ्याबद्दल बोलत नाही.) मी सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर माहिती टाकली, खाली नाव आणि 'निवृत्त रसायनतज्ज्ञ' असंही टाकलं.

त्याचा परिणाम असा झाला की तेराव्या मजल्यावरच्या रंगूबाई वर आल्या. बाई साताऱ्याकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, आवाज खणखणीत. त्यांच्या नातीला, स्नेहलला, कडक मंगळ. चार स्थळं त्यापायी परत गेलेली. रंगूबाई म्हणाल्या, "आवो, ज्याच्यापायी एवढं चाललंय त्यो समोर दिसतोय आन् तुम्ही नुसता बघत बसलाय?" लगेचच्या मंगळवारी त्या टेरेसवर हजर. हातात तबक, तबकात लाल फूल, निरांजन आणि मसुरीची डाळ, कारण मंगळाला मसूर चालते म्हणे. त्यांच्यामागे मंगळ असलेल्या मुलामुलींच्या आणखी तीन आया. पाचवा मी. सगळ्यांनी पूर्वेकडे तोंड करून त्या लाल ठिपक्याला ओवाळलं. नंतर मी थर्मासमधला चहा काढला आणि आम्ही आठ वाजेपर्यंत बोलत बसलो. ताई, खोटं कशाला बोलू, दोन वर्षांत इतकी माणसं माझ्याशी सलग बोलली नव्हती.

पुढच्या मंगळवारी क्षिप्राने पाठवलेली दुर्बीण येऊन पोचली होती. मी ती टेरेसवर उभी केली, मंगळावर धरली, डोळा लावला, आणि मला मंगळावर एक माणूस दिसला.

तो जेवत होता. उलटा बसून. (असल्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, ते मला ठाऊक होतं. तरी मी एक पाऊल मागे सरकलो.) मी नळी किंचित सरकवली तेव्हा उलगडा झाला. समोर एक टॉवर अर्धवट उभा आहे. काळोखात तो डोंगरातच मिसळून जायचा. त्याच्या क्रेनच्या टोकाला लाल दिवा, आणि त्याखाली सगळ्यात वरच्या स्लॅबवर मांडी घालून हा गृहस्थ, समोर डबा उघडून, एकटाच. दिवसा मी तिकडे कधी बघितलंच नव्हतं. दिवसा मंगळ बघायला कोण जातं? मागून रंगूबाईंनी विचारलं, दिसला का? मी म्हटलं, दिसला, फार प्रखर आहे, म्हाताऱ्या डोळ्यांनी दुर्बिणीतून बघू नये. आणि झाकण लावलं. हे पाप मी केलं. पण क्रेनच्या दिव्यासाठी पुढच्या मंगळवारी कुणी आलं नसतं, आणि दोन थर्मास चहा मी एकटा पिऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी माझं ताट शालनच्या खोलीच्या बाल्कनीत नेऊ लागलो. तो साडेसातला डबा उघडायचा, मी साडेसातला आमटीत पोळी कुस्करायचो. बिचारा कुठून आला असेल, घरी कोण असेल, कुणी विचारतं का त्याला, असे विचार मनात यायचे. रोज एकट्याने जेवणं किती वाईट ते मला माहीत आहे. त्याला सोबत वाटावी म्हणून पहिल्याच दिवशी मी बॅटरी दोनदा हलवली. त्यानेही हलवली, आणि मग ते रोजचंच झालं. त्या पहिल्या रात्री मला झोप चांगली लागली.

शनिवारी मी डब्यात शिरा घेतला (साखर सापडायला तीन डबे उघडावे लागले) आणि सात वाजता त्या साइटवर जाऊन धडकलो. गेटवरच्या माणसाला म्हटलं, वर जेवायला बसतात त्यांना भेटायचंय. बांधकामाच्या लिफ्टमधून खाली उतरला तो गरीब बिचारा नव्हताच. माझ्याच वयाचा, गळ्यात जाड चेन, पायांत पांढरे बूट. गोटीराम नाव. इथल्याच गावठाणातला. आता त्याचा विटा-वाळू पुरवायचा धंदा आहे आणि संध्याकाळी साइटवर त्याची देखरेख असते. मी माझं नाव सांगायच्या आत तो म्हणाला, "तुमी चवदाव्या माल्यावरचं काका ना? रोज बॅटरी मारता ते? मी आमच्या मंडलीला सांगतो ना, समोर एक म्हातारा हाय, रोज एकटाच जेवतो बिचारा. मना पयलं वाटला, काय मदत मांगतंय."

मी शिऱ्याचा डबा हातात धरून उभा राहिलो. ज्याची मी इतके दिवस कीव केली, तो तिकडून माझी कीव करत होता. आणि त्याचं बरोबर होतं.

मग त्याने मला वर नेलं. पूर्वी तिथे त्यांचं भाताचं शेत होतं आणि राखणीला उभारलेल्या मचाणावर त्याचा बाप जेवायला बसायचा. आता तीच जागा अठरा मजले वर गेली आहे, म्हणून हाही तिथेच बसतो. घरी चार सुना आहेत, जेवायला टेबल आहे, पण इथे वारा लागतो म्हणाला. आम्ही शिरा खाल्ला. मी चाचरत सांगितलं की आमच्या सोसायटीत तुम्ही मंगळ म्हणून प्रसिद्ध आहात, आणि दर मंगळवारी तुम्हाला ओवाळलं जातं. तो इतका हसला की ठसका लागला. मग त्याने बोट वर केलं, डोंगराच्या बरंच वर, आणि म्हणाला, "मंगल त्यो बगा. तांबूस. खालचा दिवा आमचा हाय, त्याचं बिल येतं." खरा मंगळ तिथे निवांत बसला होता. मी नऊ दिवस मान थोडी आणखी वर केली असती तर दिसला असता. तुझा नियम चुकला नव्हता. तो फक्त क्रेनसाठी केलेला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, बातमी आली की स्नेहलचं लग्न ठरलं. मुलाला मंगळ, हिला मंगळ, काम फत्ते. परवाच्या मंगळवारी, म्हणजे अकरा तारखेला, रंगूबाई सबंध मजला घेऊन टेरेसवर आल्या. मी त्यांना सगळं खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तोंड उघडणार तेवढ्यात तिकडून गोटीरामने नेहमीसारखी बॅटरी हलवली, आणि मंगळाने दोनदा डोळे मिचकावलेले साऱ्या सोसायटीने बघितले. रंगूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता तूच सांग, मी काय बोलणार? एकट्या हितेशभाईंना मी नंतर खरं सांगितलं. ते म्हणाले, "काका, लग्न होऊ द्या. मग बघू."

गोटीरामची बायको पुतळाबाई आता एक दिवसाआड माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पाठवते. म्हणजे माझं जेवणाचं बरं चाललं आहे, तू काळजी करू नकोस. (तू करत नाहीस असं तू दाखवतेस, म्हणून लिहिलं.) क्षिप्राचा फोन पुन्हा रविवारवर आला आहे, कारण चारही ग्रह सापडले. तिला नाइलाजाने सांगावं लागलं. सूनबाईंना, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल चोळ.

तुझा,
नंदू

ता. क. : महत्त्वाचं राहिलंच. महाशिवरात्रीनंतर इथे टेरेसवर ग्रहदर्शनाचा मोठा कार्यक्रम ठरला आहे आणि माझी मोठी बहीण मिरजेहून येऊन माहिती सांगणार असं मी सर्वांना कळवून बसलो आहे. पत्रिका छापायच्या आहेत. तेव्हा लगेच कळव. कळंबोलीला मी उतरवून घ्यायला येईन.

ता. क. २ : कार्यक्रम वगैरे काही नाही. तू येण्यासाठी मी तो आत्ता पाकिटावर तिकीट चिकटवताना रचला. खरं आहे ते असं की महाशिवरात्रीनंतर ती क्रेन उतरवणार आहेत. टॉवरचा शेवटचा स्लॅब पडला. गोटीराम दुसऱ्या साइटवर जाईल. रंगूबाई लग्नाच्या गडबडीत लागल्या आहेत. पूर्वेच्या बाल्कनीत ताट नेलं तरी समोर कुणी नसेल.

ता. क. ३ : हे लिहावं की नाही म्हणून पाच दिवस गेले. अकरा तारखेला रंगूबाईंना मसूर कमी पडली. मी घरात बघतो म्हणालो. मला मसूर आवडत नाही, त्यामुळे तो डबा तू लावून गेल्यापासून मी उघडलाच नव्हता. उघडला. डाळीला किडे लागले होते, आणि डाळीत खाली एक कागदाची पुडी होती. पुडीत शालनच्या सगळ्या चिठ्ठ्या. एकेक वाळवून, सरळ करून, एकावर एक ठेवलेली. 'साबुदाणा (जुना)' फाटली होती ती मागून कागद लावून जोडलेली. त्या रात्री मी तुला इतकं बोलून झोपायला गेलो, आणि तू पहाटेपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात बसून हे करत होतीस. आणि अकरा महिने चाळीस सेकंदांच्या फोनवर एका शब्दाने बोलली नाहीस. ताई, मला क्षमा कर.

चिठ्ठ्या सत्तावीस आहेत, डबे सत्तावीस आहेत. अक्षर स्वच्छ आहे, कुठली कुठे लावायची ते मला वाचता येतं. डिंकही घरात आहे. पण मी त्या लावलेल्या नाहीत. साखर अजून तिसऱ्या डब्यातच सापडते. तू आल्याशिवाय मी एकही चिठ्ठी लावणार नाही.